सहा वर्षं, दोन श्पेत्सले-प्रेस आणि आईचा सोऱ्या

जर्मनीत नव्यानं आलेल्या मैत्रिणी मला हमखास एक प्रश्न विचारतात: श्पेत्सले घरी करायचे तर काय घ्यावं, फळी, किसणी की प्रेस? प्रत्येकीला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. मी मूळची सांगलीकडची. 2018 पासून श्टुटगार्टजवळ एसलिंगेनला राहते. आजवर दोन प्रेस वापरले. प्रेस म्हणजे तळाला भोकं असलेला डबा आणि दोन दांड्यांनी दाबायचा दट्ट्या. पहिला तिसऱ्या वापरात मोडला. दुसऱ्याला आता सहा वर्षं होऊन गेली आणि वर्षातले काही आठवडे सोडले तर आठवड्यातून एकदा तरी तो खुंटीवरून खाली येतोच.

ज्यांनी श्पेत्सले खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. मैदा, अंडी, मीठ आणि पाणी यांचं सैलसर पीठ करायचं, ते उकळत्या पाण्यात बारीक लांबट तुकड्यांच्या रूपात सोडायचं आणि वर तरंगले की झाऱ्यानं काढायचे. नाव ‘श्पात्स’ म्हणजे चिमणी यावरून आलं असं इथले लोक सांगतात. शेवटचा ‘ले’ हा या श्वाबेन भागाच्या बोलीतला लाडाचा प्रत्यय, म्हणजे आपल्या भाषेत चिमणुल्याच. 2012 पासून ‘श्वाबिश श्पेत्सले’ या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे, आमच्या सांगलीच्या हळदीला मानांकन आहे तसं. पण घरात त्यांचं स्थान मानांकनाचं नाही, रोजच्या भाताचं आहे. कशावरही रस्सा ओतायचा असला की खाली श्पेत्सले.

मला ते आमच्या घरमालकिणीनं शिकवले. त्या खालच्या मजल्यावर राहतात, आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मुलं त्यांना ओमा म्हणतात, म्हणजे आजी, म्हणून मीही ओमाच म्हणते. पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकींना ‘झी’ म्हणत होतो, म्हणजे तुम्ही. मग एका रविवारी जेवणानंतर त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “आता मला तू म्हण.” इथे हे मोठ्या माणसानंच सुचवायचं असतं. आपण आजीला तूच म्हणतो, त्यामुळे त्या दिवशी मला माझ्या आजोळी गेल्यासारखं वाटलं.

पहिला प्रयोग मी आईनं दिलेल्या पितळी सोऱ्यावर केला. शेव पडते तर श्पेत्सलेही पडतील, असा माझा हिशेब होता. पण शेवेचं पीठ घट्ट असतं, ते दट्ट्याला धरून राहतं. श्पेत्सल्यांचं पीठ मेदूवड्याच्या पिठापेक्षा सैल आणि फार चिवट असतं. दांडा फिरवायला घेतला तर ते खालून येण्याआधी दट्ट्याच्या कडेनं वर चढलं आणि आट्यांमध्ये जाऊन बसलं. शिवाय दोन्ही हातांनी सोऱ्या धरून वाफेवर उभं राहायचं म्हणजे मनगटं भाजतात. त्याच वेळी ओमा वर आल्या होत्या. त्यांनी सोऱ्या हातात घेतला, चकत्या एकेक करून पाहिल्या, चकलीची चांदणीवाली चकती बाजूला काढली आणि म्हणाल्या, “हा माळ्यावर टाकू नका. डिसेंबरमध्ये लागेल.” तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

मग पहिला प्रेस घेतला. एका मोठ्या दुकानात बारा युरोला मिळाला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तसे पातळ पत्र्याचे प्रेस बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि दुखणं सगळ्यांचं सारखंच. दोन दांडे जिथे जोडलेले असतात तिथली खीळ तिसऱ्या वापरात निसटली आणि पिठानं भरलेला डबा दाट वाफेत पातेल्यात पडला. कुणाला भाजलं नाही, पण घरात लहान मुलं असताना ही गोष्ट क्षुल्लक नाही. दाबणाऱ्या वस्तूत पैसे वाचवू नका, हे मी तेव्हा शिकले.

दुसरा गावातल्या जुन्या भांड्यांच्या दुकानातून 38 युरोला घेतला. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा, हाताला भरीव लागणारा. घेण्यापूर्वी ओमानं तो दुकानातच उघडझाप करून पाहिला, आणि ती काय पाहत होती तेच तुम्ही पाहा. दट्ट्या आणि डब्याची भिंत यांच्यात फट किती आहे? नख शिरत असेल तर पीठ वर येणार. खीळ आरपार आहे का, आणि तिची दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेली आहेत का? दांडे लांब हवेत, कारण लांबीवरच जोर ठरतो. आखूड दांड्याच्या प्रेसनं तळहात दुखतो. आणि डब्याला पातेल्याच्या काठावर टेकवायला खाच किंवा आकडा हवा. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. सगळं वजन हातांवर पेलायचं की पातेल्यावर टेकवायचं, यात चार माणसांच्या स्वयंपाकात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. माझ्या प्रेसला असा आकडा आहे. एका भरणात दोघांपुरते श्पेत्सले पडतात, चौघांसाठी दोनदा-तीनदा भरावा लागतो.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी पीठ चुकलं तर सगळं चुकतं. ओमाचं माप असं: शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं आणि शेवटी एक अंडं जास्तीचं, पातेल्याच्या नावानं. म्हणजे अर्धा किलो पिठाला सहा अंडी, चमचाभर मीठ आणि लागेल तसं पाणी, साधारण एक लहान पेला. ती बुडबुड्यांचं पाणी घालते, मी नळाचं घालते, मला फरक जाणवला नाही. इथे रवाळ दळलेलं खास श्पेत्सल्यांचं पीठ मिळतं. पुण्या-सांगलीत करायचं तर तीन वाट्या मैद्याला एक वाटी बारीक रवा घ्या. मधोमध भोक असलेल्या लाकडी डावानं पीठ फेटायचं, हात भरून येईपर्यंत, पिठाला फुगे येऊन फुटायला लागेपर्यंत. मग अर्धा तास झाकून ठेवायचं. डाव उचलला की पीठ धारेनं पडू नये, ओघळत आणि तुटत तुटत पडावं. ते नीट जमलं की प्रेस दोन बोटांनीही दाबला जातो. दांडे वाकायला लागले तर दोष प्रेसचा नसतो, पाणी कमी पडलेलं असतं.

आता फळी की प्रेस, या मुख्य वादाविषयी. ओमाकडे तिच्या सासूची लाकडी फळी आहे, पुढची कड झिजून पातळ झालेली. ओल्या फळीवर पीठ पसरायचं आणि पट्टीनं कडेवरून बारीक काप थेट पाण्यात खरवडायचे. तिचा हात चालू असतो तेव्हा मला माझी आत्या आठवते, लग्नाआधी गव्हले वळताना तिची बोटं अशीच चालायची. फळीवरचे श्पेत्सले लहान-मोठे, खडबडीत होतात, आणि त्या खडबडीतपणात रस्सा मुरतो. प्रेसमधले लांब, गोल आणि गुळगुळीत पडतात. मान्य करायला हवं की चवीला फळीच श्रेष्ठ. पण फळीसाठी वीस वर्षांची सवय लागते आणि शनिवारी दुपारी शाळा-कराटे-बाजार यांतून वीस मिनिटं वाचवायची असतील तर प्रेसच. ओमा स्वतः आठवडाभर प्रेस वापरते आणि सणाला फळी काढते. किसणीबद्दल थोडक्यात: तिच्यातून गोल थेंबांसारखे पडतात, त्यांना इथे ‘क्न्योप्फले’ म्हणजे छोटी बटणं म्हणतात. कमी जोर लागतो, ज्यांचे सांधे दुखतात त्यांनी तीच घ्यावी. पण वाफेनं किसणीतलंच पीठ शिजायला लागतं आणि भोकं बुजतात.

प्रेस घेऊन काय करणार, वर्षातून चारदा पास्ता केला तर पैसे वसूल होतील का, असंही विचारतात. माझं उत्तर इथल्या घरांच्या वर्षात आहे. जर्मन घरातला स्वयंपाक पंचांगासारखा चालतो. कुठल्या आठवड्यात काय शिजणार हे शेत आणि सण ठरवतात, आणि श्वाबेनमध्ये त्या प्रत्येक ताटात श्पेत्सल्यांची जागा ठरलेली आहे.

जानेवारीपासून सुरू करते, कारण माझा सगळ्यात आवडता पदार्थ तेव्हाचा. मसूर आणि श्पेत्सले. अख्खा तपकिरी मसूर गाजर, कांदा आणि सेलरीच्या कंदाबरोबर शिजवायचा, लोण्यात तांबूस भाजलेल्या पिठानं दाट करायचा आणि शेवटी व्हिनेगर. त्याबरोबर लांब पातळ सॉसेज असतं, पण मी मांस खात नाही, अंडी खाते, त्यामुळे माझं ताट मसूर आणि श्पेत्सल्यांवरच भरतं. कराड-सांगलीच्या रस्त्यावर अख्खा मसूर आणि रोटी खात मोठी झालेली मी. इथे बर्फ पडलेला असताना मसुराचा वास आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या घरात मी राहू शकेन. व्हिनेगर मात्र आधी पटलं नव्हतं. मग लक्षात आलं की आमटीत आमसूल पडतं, तीच ही आंबट जागा.

या मसुराची गोष्ट सांगायलाच हवी. श्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिशे आल्ब नावाचं खडकाळ, थंड पठार आहे. तिथे पूर्वी मसूर पिकायचा, कारण त्या पातळ मातीत फारसं दुसरं येत नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो बंद पडला आणि बियाणंही हरवलं. 1985 च्या सुमारास लाउटराख गावच्या वोल्डेमार मामेल या सेंद्रिय शेतकऱ्यानं पुन्हा मसूर पेरायला घेतला, तेव्हा त्याला बाहेरच्या जाती वापराव्या लागल्या. जुनं स्थानिक वाण शेवटी 2006 मध्ये रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह बियाणे-संग्रहात सापडलं. मूठभर दाण्यांपासून ते वाढवत नेलं आणि आज शेतकऱ्यांचा एक गट ‘आल्ब-लाइझा’ या नावानं तो विकतो. ‘लाइझा’ हा तिथल्या बोलीतला मसूर. मसुराचं झाड लोळतं, म्हणून त्याच्या आधाराला बार्ली किंवा ओट पेरतात आणि दोन्ही एकत्र कापून नंतर दाणे वेगळे करतात. महाग आहे, साध्या मसुराच्या कितीतरी पट. पण शिजल्यावर दाणा फुटत नाही, आणि प्रेसमधल्या गुळगुळीत श्पेत्सल्यांबरोबर असा अख्खा दाणाच चांगला लागतो.

फेब्रुवारीत फास्नेट, म्हणजे उपवासाच्या काळाआधीचे मौजेचे दिवस. तेव्हा घरोघरी तळण असतं, प्रेसला काम नसतं. मार्चमध्ये जंगलात बेअरलाउख येतो, लसणाच्या वासाची रुंद हिरवी पानं. ती वाटून पिठात घातली की श्पेत्सले पालकाच्या पुरीसारखे हिरवे होतात. दोन सूचना. पानं अगदी गंधासारखी बारीक वाटा. एखादी शीर राहिली तरी प्रेसच्या भोकात अडकते आणि मग टाचणीनं काढत बसावं लागतं. आणि ओळख पक्की असल्याशिवाय रानातून तोडू नका. तशीच पानं असलेली दोन विषारी झाडं, माइग्लोक्शेन आणि हेर्ब्स्टत्साइटलोझ, त्याच सुमारास उगवतात. वास घेऊन ओळखू म्हणाल तर पहिली चार पानं तोडली की बोटांनाच लसणाचा वास लागतो. मी शनिवारच्या बाजारातूनच घेते.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आणि शुक्रवारी ओमाकडे माउलटाशेन होतात, सारण भरलेल्या पिठाच्या चौकोनी उशा. माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी उपवासात देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात लपवलं, अशी दंतकथा सांगतात. माझ्यासाठी ती पालक, पाव आणि कांद्याचं सारण वेगळं करते. त्यानंतर एप्रिलच्या मध्यापासून पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचा हंगाम, तो 24 जूनला, योहानिस-दिनाला संपतो. पुढे झाडाला मुळांमध्ये ताकद साठवायला वेळ द्यायचा असतो म्हणून कापणी थांबवतात. त्या दहा आठवड्यांत श्पार्गेल, नवे बटाटे आणि लोणी यांपुढे कुणी कशाकडे पाहत नाही. प्रेस खुंटीवर असतो.

उन्हाळ्यात मात्र तो फ्रीझरमध्ये जातो, आणि मुलांच्या दृष्टीनं तेच त्याचं खरं काम. जर्मनीतल्या कुठल्याही आइस्क्रीमच्या दुकानात स्पागेट्टी-आइस मिळतं. व्हॅनिला आइस्क्रीमच्या शेवया, वर स्ट्रॉबेरीचा लाल रस, त्यावर किसलेलं पांढरं चॉकलेट, अगदी टोमॅटो आणि चीज घातलेल्या ताटासारखं. हे 1969 मध्ये मानहाइमला दारिओ फोंतानेल्ला या इटालियन आइस्क्रीमवाल्यांच्या तरुण मुलानं केलं, आणि त्यासाठी त्यानं वापरला तो श्पेत्सले-प्रेसच. पहिल्या खेपेला प्रेस गरम असल्यानं आइस्क्रीमचा लगदा झाला. मग त्यानं प्रेस आधी गोठवून घेतला. आइस्क्रीमऐवजी स्पागेट्टीच समोर आली असं वाटून काही मुलं रडली होती, असं तो सांगत असे. घरी करायचं तर प्रेस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, बशाही ठेवा. बशीत आधी घट्ट फेटलेल्या सायीचा गोळा, मग त्यावर आइस्क्रीम दाबायचं. ओतीव अ‍ॅल्युमिनियम गारवा धरून ठेवतो, त्यामुळे चार बशा सलग निघतात. पातळ पत्र्याचा प्रेस दुसऱ्या बशीला घाम सोडतो. दांड्यांना कोरडं फडकं गुंडाळा, नाहीतर ओले तळवे थंड धातूला चिकटतात. माझी धाकटी आठ वर्षांची आहे. जूनमध्ये बाजारात पहिली स्ट्रॉबेरी दिसली की ती न सांगता प्रेस धुऊन फ्रीझरमध्ये ठेवते.

सप्टेंबरपासून पुन्हा गरम ताटं. एसलिंगेनच्या डोंगरउतारावर द्राक्षमळे आहेत, पायऱ्यापायऱ्यांचे. हंगामात द्राक्षवाले दारावर केरसुणी टांगतात. केरसुणी दिसली की समजायचं, आज यांच्या घरात बसून त्यांचीच वाइन आणि घरचं जेवण मिळेल. वर्षातून चारच महिने असं चालवता येतं. तिथे मी पहिल्यांदा क्राउट-श्पेत्सले खाल्ले: आंबवलेली कोबी लोण्यात तांबूस परतून त्यात शिजलेले श्पेत्सले. श्टुटगार्टच्या विमानतळाभोवतीच्या फिल्डर पठारावर टोकदार गड्ड्याची कोबी पिकते, पातळ पानांची, तिचं हे आंबवण. साध्या गोल कोबीचं घातलं तर तुकडे दाताला लागतात. ऑक्टोबरात रानातल्या आळंब्यांचा सायीतला रस्सा. मांस न खाणाऱ्यांनी हा रस्सा शिकून घ्यावा. इथल्या लोकांना ताटात रस्सा कमी चालतच नाही, आणि सुट्ट्या श्पेत्सल्यांना तो हवाच.

11 नोव्हेंबरला मार्टिनी, म्हणजे संत मार्टिनचा दिवस. संध्याकाळी मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत गल्लीतून फिरतात, घरी हंस भाजलेला असतो, लाल कोबी असते आणि श्पेत्सले. त्या दिवशी ओमाकडे अकरा माणसं असतात. दीड किलो पिठाचे श्पेत्सले मी वर माझ्या स्वयंपाकघरात प्रेसनं काढते आणि तिच्याकडे नेते. ती ते लोण्यात भाजलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवते. इतक्या मोठ्या कामाला प्रेस कसा उतरतो? दहा-बारा भरणांनंतर दांडे वाफेनं चांगलेच तापतात, जाड फडकं लागतं. आणि डब्याच्या वरच्या काठाला शिजलेल्या पिठाचा थर बसायला लागतो. मध्येच एकदा थंड पाण्यात बुडवून तो थर काढावा लागतो, नाहीतर दट्ट्या तिरका जातो. एवढं सोडलं तर त्यानं कधी दगा दिला नाही.

आणि डिसेंबर. आडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला रविवार झाला की ओमा वर येते आणि विचारते, “तुझा पितळी कुठे आहे?” श्प्रित्सगेबेक नावाची लोण्याची बिस्किटं इथे चांदणीच्या आकारातून दाबून काढतात, पुष्कळ घरांत खिमा करायच्या यंत्राला पट्टी लावून. आईच्या सोऱ्यावर चकलीची चकती लावली की तेच होतं, आणि कडा जास्त ठसठशीत येतात. श्पेत्सले-प्रेसला हे काम जमत नाही, मी करून पाहिलं. लोणी आणि बदामाच्या कुटाचं ते पीठ फार घट्ट, आणि त्याच्या भोकांतून नुसते गोल दोरे पडतात. त्यामुळे डिसेंबरभर दोन्ही यंत्रं ओट्यावर शेजारी शेजारी असतात. बडीशेपेच्या वासाची श्प्रिंगरले मात्र ती लाकडी साच्यांवर एकटीच करते. छापून रात्रभर वाळवायची, मग भाजताना ती खालून उचलली जाऊन त्यांना ‘पाय’ फुटले पाहिजेत. पाय फुटले नाहीत तर ती दिवसभर बोलत नाही.

24 डिसेंबरच्या रात्री या भागात जेवण साधं असतं: बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. दुपारपर्यंत झाड सजवायचं, संध्याकाळी चर्च, मग भेटवस्तू, स्वयंपाकाला वेळ कुठून असणार. सॅलडमध्ये मेयोनेझ नाही; गरम चकत्यांवर गरम रस्सा, व्हिनेगर, मोहरीचं वाटण आणि तेल. खरी पंगत 25 तारखेला दुपारी, आणि त्या दिवशी फळी. प्रेस खुंटीवर आणि ओमा पातेल्यापाशी. मी शेजारी झारा घेऊन उभी असते.

उरलेल्यांचं काय? ते मुद्दामच उरवतात. सोमवारी तव्यावर लोण्यात कडक परतायचे आणि वर अंडं फोडायचं, आपल्या फोडणीच्या भाताच्या हिशेबानं. मी जिरं आणि हिरवी मिरची घालते. ओमानं चव घेऊन पाहिली आणि जिऱ्याला होकार दिला.

आता उणिवा, ज्या कुठलाही दुकानदार सांगत नाही. प्रेस वापरून झाल्या झाल्या थंड पाण्यात बुडवायचा. गरम पाणी घातलं की भोकातलं अंड्याचं पीठ शिजून सिमेंटसारखं बसतं. थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवून ब्रशनं आतून बाहेर ढकललं की निघतं. अ‍ॅल्युमिनियमचा प्रेस भांडी धुण्याच्या मशीनमध्ये टाकला तर काळा पडतो आणि फडक्याला राख लागते. मी एकदा टाकला, लिंबू आणि मिठानं घासून निम्मा परत आला. ज्यांना मशीन सोडवत नाही त्यांनी स्टीलचा घ्यावा, तो आणखी वीसेक युरो महाग पडतो. उकडलेले बटाटे यातून छान निघतात, पण गरम असतानाच, आणि साल काढलेले. आणि डावखुऱ्यांना काही अडचण नाही, माझा नवरा डावखुराच आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सांगलीला जाताना आईसाठी असाच एक नेला. सामानात किलोभर वजन गेलं. तिची मनगटं आता दुखतात आणि सोऱ्याचा दांडा फिरवता येत नाही, म्हणून. एप्रिलमध्ये तिनं गव्हाचा चीक शिजवून त्यातून कुरडया घातल्या आणि मला व्हिडिओवर दाखवल्या. दाबायला हलका जातो, म्हणाली, पण लांब दांडे धरून गोल वळसा घेता येत नाही, त्यामुळे कुरडईचं जाळं न होता पुंजके पडतात. भोकं मोठी असल्यानं वाळायलाही दोन दिवस जास्त लागले. तळल्यावर मात्र चांगल्या फुलल्या. ओमाला मी तो व्हिडिओ दाखवला. तिनं तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, “आईला सांग, पीठ थोडं सैल कर.”